नदीपलीकडचं नाट्यगृह

सायमी वुओरेला ही आमच्या रौताकोस्की शहरातली मोठी नटी होती, असं आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. शहराच्या नाट्यगृहात, खाली कॉफीच्या दालनात, जुन्या नटनट्यांचे फोटो लावलेत. त्यांत ती नाही. ते फोटो नाट्यगृह झाल्यानंतरचे, आणि सायमी त्याच्या आधीची. मी लेम्पी. कापडगिरणीत तिच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि संध्याकाळी कामगार भवनाच्या कपडेपटात तिला कपडे चढवायचे. तिच्या पाठीवर किती हूक आणि किती बंद असायचे ते माझ्या बोटांना अजून आठवतं.

कामगार भवन टेकडीवर होतं. लाकडी, पिवळ्या रंगाचं. आमच्या आईबापांच्या पिढीनं ते बांधलं. गिरणीतून, रेल्वेतून सुटलेली माणसं जेवायला घरी न जाता तिकडे जायची आणि फळ्या ठोकायची. बायकांनी पडदा शिवला, तोही गिरणीच्याच कापडाचा. मग एकोणीसशे अठरा साली आपल्याच देशात लाल आणि पांढरे एकमेकांवर उठले, लाल म्हणजे आम्ही कामगार, पांढरे म्हणजे साहेबलोक. लाल हरले. भवनाला टाळं लागलं, आणि सायमीचा बाप कैद्यांच्या छावणीत भुकेनं गेला. ती तेव्हा सात वर्षांची होती.

पुढं टाळं निघालं, नाटकं पुन्हा सुरू झाली, पण शहर दुभंगलं ते दुभंगलंच. दुकानं दोन, गायनमंडळं दोन, कुस्तीचे आखाडेसुद्धा दोन. दूध कुठल्या दुकानातून आणलं यावरून माणूस ओळखायचा. साहेबलोकांचं नाट्यगृह चर्चजवळ होतं, दगडी, मखमली खुर्च्यांचं. तिथं पाऊल टाकणं म्हणजे बापाच्या थडग्यावर थुंकणं, असं सायमीची आई म्हणायची. थडगं तरी कुठं होतं म्हणा! छावणीतल्या माणसांना एकाच खड्ड्यात लोटलेलं.

सायमी गिरणीत लागली आणि त्याच वर्षी भवनातल्या नाटकात कोरसमध्ये उभी राहिली. आवाज खर्जातला, मान उंच, आणि डोळे असे की शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही वाटावं, ही माझ्याकडेच बघतेय. दोन वर्षांत ती नायिका झाली. लाकूड वाहणाऱ्याची नवरी, चोरीचा आळ आलेली मोलकरीण, एकदा तर राणीसुद्धा. राणीचा झगा मी दोन जुन्या पडद्यांतून शिवला होता आणि त्याला रॉकेलचा वास यायचा.

आमचे प्रेक्षक गप्प बसणारे नव्हते. ओले लोकरी कोट, काळ्या पावाचे डबे, मांडीवर पोरं. खलनायक विंगेतून डोकावला की बायका ओरडायच्या, "सायमी, मागं बघ गं, आला तो मेला!" एकदा तिनं भूमिका न सोडता मान वळवली आणि म्हणाली, "दिसतोय मला. तुम्ही बसा खाली." टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. खलनायकाचं काम करणारा याल्मारी खरा म्हणजे आमचा विनोदी नट. तो त्या टाळ्यांत वाकून नमस्कार करून मोकळा झाला.

खरं सांगायचं तर तिचा अभिनय जुन्या धाटणीचा होता. हात लांब फेकायचे, वाक्याच्या शेवटी थांबायचं, टाळी येऊ द्यायची. पण ते आमच्या भवनाला शोभायचं. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात बसून आमचे कान बधिर झालेले असायचे. हळू बोललेलं कुणाला ऐकू येणार?

तिचा नवरा विल्हो गिरणीतला फिटर. भला माणूस, नाटकात दिवे लावायचा. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात तो महायुद्धात सरहद्दीवर मारला गेला. मुलगी रायली सहा वर्षांची. लढाई चालली तोवर सायमीनं तोंडाला रंग लावला नाही. मग लढाई संपल्यावर भवनानं एका गिरणीकामगाराच्या बायकोचं नाटक घेतलं. आमच्याच शहरातल्या एका मास्तरानं लिहिलेलं. त्यात नवरा मेल्याची बातमी घेऊन माणूस येतो, असा प्रवेश होता. सायमीनं त्यात हात फेकले नाहीत, रडली नाही. ती टेबल पुसत राहिली. पुसलेलंच टेबल, पुन्हा पुन्हा. समोर निम्म्या बायका विधवा होत्या. हिवाळ्याचे दिवस, घराघरांत सर्दी, पण त्या प्रवेशात कुणी खोकलं म्हणून नाही.

"लोक खोकत नाहीत तेव्हा समजायचं, पोचलं," ती मला हूक काढताना म्हणाली.

रायली या सगळ्यात वाढली. कपड्यांच्या टोपलीत झोपायची, झग्याची कड चोखत. मोठी झाल्यावर तिनं हेलसिंकीच्या नाट्यशाळेत जायचं म्हटलं. सायमीनं जास्तीच्या पाळ्या केल्या आणि तिला पाठवली. बाहेर मात्र म्हणायची, "नाटक शाळेत शिकतात होय? उद्या पोहायलाही पुस्तक लागेल." पण गिरणीत सगळ्यांना सांगत सुटली होती.

रायली तिकडे असतानाच इकडे नगरसभेनं ठरवलं की दोन नाट्यगृहं पुरे झाली. दोन्हीकडे छप्परं गळत होती, लोक घरी टेलिव्हिजन बघायला लागले होते, आणि तरुण पोरांना अठरा सालचं काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही मंडळ्या एक करायच्या, पगारी नट ठेवायचे, नदीपलीकडे नवीन इमारत बांधायची. ठराव मांडणाऱ्यांत निम्मे आमचेच होते. याल्मारी म्हणाला, "एका घोड्याला दोन शेपट्या कशाला? माश्या तर त्याच आहेत." सायमी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

हेलसिंकीहून नवे दिग्दर्शक आले, स्टेनरूस. तरुण, बारीक, चष्मेवाले, बोलताना कानाच्या पाळ्या लाल होणारे. त्यांनी दोन्हीकडच्या नटांना एकेक करून बोलावलं आणि सगळ्यांकडून एक उतारा वाचून घेतला. सायमीला बोलावलं तेव्हा तिचा कोट धरून मी दाराशीच उभी होते.

"तुमचं काम मी दोनदा पाहिलंय, बाई," ते म्हणाले. "मोठं काम आहे. पण सगळ्यांचंच वाचन ऐकतोय, तर तुमचंही..."

"दोनदा पाहिलंत ना? मग आता काय तपासायचं राहिलं?"

"पद्धत म्हणून, एवढंच."

"साहेब, तीस वर्षं हे गाव माझी परीक्षा घेतंय. तुम्ही कालच्या गाडीनं आलात."

त्यांचे कान लाल झाले. तरी ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, वाचू नका. खरं सांगतो. नायिकेची कामं मी तुम्हाला देऊ शकणार नाही. नाटक आता वेगळ्या तऱ्हेनं बोलतं. पण प्रॉम्प्टरची जागा आहे, कायमची, पगारी. गिरणी सोडता येईल. आणि वयाला शोभणारी कामं आली की ती तुमचीच."

"म्हणजे खोक्यात बसून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालायचे."

"ते काम कमी दर्जाचं नाही, बाई."

"मग तुम्हीच बसा त्यात," असं म्हणून तिनं माझ्या हातातून कोट ओढून घेतला.

स्टेनरूस वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हाताखाली मी पुढं बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते. मान राखून बोलले होते, आणि जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण काही माणसांना खरं ऐकवलं की ती तुटतात, वाकत नाहीत.

याल्मारीला त्यांनी दारावरचं काम दिलं, आणि छोट्या भूमिका. मला कपडेपट दिला. सायमी मला म्हणाली, "जा, शीव साहेबांच्या विजारी."

"विजार साहेबाची काय नि हमालाची काय, सुई तीच," मी म्हटलं.

"सुईला लाज नसते," ती म्हणाली. पण शनिवारी साउनाला, वाफेच्या अंघोळीला, नेहमीसारखी आली आणि माझी पाठही चोळून दिली. तिचा राग असा होता. माणसावरचा ओसरायचा, जागेवरचा नाही. त्या दिवसापासून ती नाटकाकडे फिरकली नाही. नदीपलीकडे बाजाराला जायचं तर खालच्या पुलानं लांबून जायची, म्हणजे नव्या इमारतीच्या समोरून जावं लागू नये.

आणि मग रायली परत आली. स्टेनरूसनी तिला हेलसिंकीत परीक्षेच्या प्रयोगात पाहिलं होतं, नाव विचारलं होतं, आणि नाव कळल्यावरही घेतलं होतं. ती बॅग हातात घेऊनच स्वयंपाकघरात शिरली. मी तिथंच बसले होते.

"आई, मला घेतलं! कायमची!"

"कुठं?"

"इथंच. आपल्या शहरात!"

सायमी बटाटे सोलत होती. "आपल्या नव्हे," ती म्हणाली. "त्यांच्या."

"आई, तिथं आता कोण त्यांचं नि कोण आपलं? लेम्पीमावशी तिथं आहे, याल्मारीकाका आहे..."

"तू कर काम. मी काही आडवी येत नाही. पोटाला लागतंच. मी फक्त बघायला येणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते."

रायली हसली. तिला वाटलं, आई चार दिवस फुगून बसेल आणि येईल. मलाही तसंच वाटलं होतं.

नवी इमारत उघडायची वेळ आली तेव्हा पहिलं नाटक कुठलं यावर बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी दोन्ही बाजूंना बरं वाटावं म्हणून तेच घेतलं, मास्तरांचं, गिरणीकामगाराच्या बायकोचं. भूमिका रायलीला. एका रविवारी ती आईकडे आली. वेलदोड्याचा गोड पाव आणला होता. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आई, तो बातमीचा प्रवेश तू कसा करायचीस, दाखव ना."

सायमीनं बराच वेळ नाही-हो केलं. मग उठली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहिली, ओलं फडकं घेतलं, आणि दाखवलं. पन्नाशी उलटलेली बाई, पायात लोकरीचे मोजे, बाहेर कुणीतरी गालिचा झोडपतंय.

रायली म्हणाली, "किती सुंदर आहे गं. पण मी टेबल नाही पुसणार."

"मग काय करणार?"

"माहीत नाही अजून. टेबल तुझं आहे, आई. मी तेच केलं तर लोक मला बघणार नाहीत, तुलाच बघतील."

"मग बघू देत की!"

तोंडातून निघून गेलं तसं सायमीच्याही लक्षात आलं, आपण काय बोललो ते. फडकं तिनं पिळून दोरीवर टाकलं. "मग विचारलंस कशाला?" एवढंच पुटपुटली. रायलीनं कॉफी तशीच टाकली आणि गेली.

उद्घाटनाला रायलीनं आईसाठी तिकीट ठेवलं होतं, सातव्या रांगेत, कडेला, म्हणजे मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाता येईल. सायमी आली नाही. मी विंगेत उभी होते. नगराध्यक्ष, गिरणीचे मालक, आमच्या साचेखात्यातल्या बाया, सगळे एका छपराखाली. हे आमच्या शहरात त्याआधी कधीच घडलं नव्हतं. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची माणसं कॉफीचे कप घेऊन नुसती उभी, कुणाशी काय बोलावं कळेना.

बातमीचा प्रवेश आला. रायली तालमीत हातात कप धरून नुसती थिजून उभी राहायची, आणि ते छान व्हायचं. त्या दिवशी तिनं कप ठेवला आणि तळहातानं टेबल पुसलं. एकदाच, लहान मूल निजलंय का चाचपावं तसं. मग थांबली.

दुसऱ्या दिवशी मी सायमीला जाऊन सांगितलं, "तिनं टेबल पुसलं."

सायमी खिडकीशी उभी होती. पाठ माझ्याकडे. न वळताच म्हणाली, "लोक खोकत होते का?"

"नाही."

"कॉफी घेणार?"

त्यानंतर दर नव्या नाटकाला हेच. रायलीचं काम कसं झालं, असं ती कधी विचारायची नाही. इकडचं तिकडचं बोलायचं, हवा, गुडघे, लोण्याची चव बिघडलीय, आणि मग मध्येच, "लोक खोकत होते?" मी नाही म्हणायचे. एकदा रायलीनं मला विचारलं, "आई माझ्याबद्दल काही विचारते का गं, मावशी?" मी खरं ते सांगितलं. ती हसली. "आणि तू दर वेळी नाही म्हणतेस? अगं, गेल्या नाटकात निम्मं सभागृह खोकत होतं!"

"ते मी तिला कशाला सांगू?"

"सांग एकदा. ओरडायला तरी येईल."

ती पहिली काही वर्षं तिकीट ठेवत राहिली. मग एका नाटकाला ठेवायचं विसरली, आणि पुढच्या नाटकाला विसरली नव्हती, पण ठेवलं नाही. नंतर तो विषयच निघेनासा झाला. नाताळाला दोघी एकत्र जेवायच्या, स्वेटरांच्या लोकरीवर बोलायच्या. परक्या माणसाला वाटलं असतं, मायलेकी किती गुण्यागोविंदानं राहतात.

रायली चांगली नटी होती. आईपेक्षा वेगळी. आवाज लहान, पण धारदार. माझी खात्री आहे, ती पुढं आणखी मोठी झाली असती. पण तिनं एस्कोशी लग्न केलं. तो नाट्यगृहातच वीजतंत्री होता. सत्तर साली निम्मं रौताकोस्की स्वीडनला निघालं, तसा तोही निघाला. तिकडे कारखान्यात दुप्पट मजुरी, राहायला घर. रायलीला कुणी तिकडे नाटकात घेणार नव्हतं. स्वीडिश भाषा तिला बाजारापुरतीही येत नव्हती. तरी ती गेली. त्यांची मुलगी दोन वर्षांची होती, आणि नवराबायकोनं दोन देशांत राहून कसं भागणार?

शेवटचा प्रयोग वसंतात होता. त्या वेळी तिनं पुन्हा तिकीट ठेवलं. मी सायमीकडे गेले आणि सरळ म्हटलं, "हा शेवटचा आहे. ऊठ."

ती उठली. खरंच उठली. निळा झगा घातला, केस विंचरले, टाचणी लावली. ओठांना जरासा रंगसुद्धा लावला. मला वाटलं, सुटलं बाई एकदाचं. मग बूट घालायला म्हणून ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली.

"चल ना, सायमी. पहिली घंटा झाली असेल."

"ती दोन वर्षांत परत येईल," ती म्हणाली. "सगळेच येतात."

"कुठले सगळे? तुझ्याच जिन्यात तीन घरं रिकामी पडलीत."

"ते मजूर. ही नटी आहे. नाटकाशिवाय नाही राहू शकायची. परत आली की पहिल्याच प्रयोगाला येईन. तुझ्या साक्षीनं सांगते."

"आज काय अडचण आहे?"

"आज गेले तर तिला वाटेल, निरोप द्यायला आले. मला निरोप द्यायचा नाहीये."

मी एकटीच गेले. दारावर याल्मारी होता. त्यानं माझ्या मागं बघितलं. तिसरी घंटा झाल्यावरही त्यानं कडेचं दार बंद केलं नाही. स्टेनरूस स्वतः येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लावून घ्या आता," तेव्हा लावलं. त्या दिवशी रायलीनं काम केलं ते मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ती वाकून वाकून नमस्कार करत होती, अगदी जुन्या पद्धतीनं, आई करायची तसा.

ती परत आली नाही. म्हणजे दर उन्हाळ्यात यायची, महिनाभर राहायची, बेरी गोळा करायची, मुरंबा करायची. पण तिकडे वेस्टेरोसला शाळेच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी लागली, मग मुलीची शाळा, मग घराचे हप्ते. दोनाची पाच झाली, पाचाची दहा. स्टेनरूस निवृत्त झाले, याल्मारी गेला. गिरणीसुद्धा बंद पडली.

सायमी सत्तरीची झाली त्या हिवाळ्यात पेन्शनरांच्या मंडळानं दुपारच्या खेळाची तिकिटं काढली होती. मी सहज म्हटलं, "तुझं नाव घालू का?" दर वेळी म्हणायचे तसंच. ती म्हणाली, "घाल."

आम्ही वरच्या पुलावरून चालत गेलो. बर्फ होतं, ती माझा हात धरून होती. दालनात शिरताना तिनं कोट काढला नाही. आत बसल्यावर काढला. नाटक साधंच होतं, एक हलकाफुलका कौटुंबिक खेळ, तरुण पोरी काम करत होत्या. सायमी मात्र रंगमंचाकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघत होती. छताकडे, बाल्कनीकडे, रांगांकडे. एका पोरीनं काहीतरी कुजबुजल्यासारखं म्हटलं आणि ते आम्हाला मागं स्वच्छ ऐकू आलं. सायमीनं माझा दंड घट्ट धरला.

बाहेर पडल्यावर पुलाच्या मधोमध ती थांबली.

"इथं ओरडावं लागत नाही गं," ती म्हणाली. "ही पोर केवढ्याशा आवाजात बोलली. आणि रायलीचा आवाज तर लहानच होता."

"हो."

"तो इथं पोचत असेल."

"शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, सायमी."

ती नदीकडे बघत राहिली. "मला वाटायचं, तिथं ते लोक बसतात. आपलं भवन मोडून त्यांनी स्वतःसाठी जागा केली. पण कुठं होते ते? सगळ्या आपल्याच बाया होत्या. समोर ती साचेखात्यातली तैमी बसली होती, टोपी घालून."

"तेही होते. तैमीशेजारी बसला होता तो गिरणीमालकाचा पुतण्या. आता ओळखू येत नाहीत."

"आणि मी दहा वर्षं बसून राहिले. पोरगी तिथं उभी होती आणि मी कपाळकरंटी घरात बसून तुला खोकल्याचं विचारत होते." मग ती रडली. रंगमंचावर तिला रडताना मी शंभरदा पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं. नाकातून पाणी, तोंड वेडंवाकडं, आणि हातमोजा ओला.

घरी आल्यावर तिनं स्वीडनला फोन लावला. मला थांब म्हणाली. फोनमधला रायलीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"नाटकाला गेले होते," सायमी म्हणाली.

"कुठं?"

"नदीपलीकडे."

"काय होतं?"

"तसं काही खास नाही. तू नव्हतीस त्यात."

"आई," रायली म्हणाली, "आता कशाला गं?" आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. थकलेलं माणूस बोलतं तसं ती बोलली. "उद्या सकाळी मला लवकर उठायचंय."

त्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा सायमीनं एक दिवस धीर करून म्हटलं, "तो प्रवेश करून दाखव ना. टेबलाचा. इथंच, मला एकटीला."

रायली बेरी निवडत होती. तिनं वर पाहिलं, आणि माझी खात्री आहे, तिला मनापासून करावंसं वाटलं होतं. तिनं हात पुसले, उभी राहिली, तोंड उघडलं. पण काही आलं नाही.

"विसरले मी," ती म्हणाली. "खरंच विसरले, आई. रोज मुलांना स्वीडिशमध्ये 'रांगेत या, रांगेत या' म्हणत असते. दुसरं काही डोक्यात राहिलंच नाही." आणि हसून पुन्हा बेरी निवडायला बसली.

सायमीनं पुन्हा तिला कधी म्हटलं नाही. त्यानंतर मात्र ती प्रत्येक नाटकाला जायला लागली. आवडो न आवडो. पडदा पडला की नटांची वाट बघत कोपऱ्यात उभी राहायची, आणि कुणी छोट्या भूमिकेतली पोर दिसली की म्हणायची, "छान केलंस हो." त्या पोरींना ती कोण हे ठाऊक नव्हतं. म्हातारी नाटकवेडी आहे एवढंच त्या समजायच्या, आणि प्रेमानं तिला दारापर्यंत पोचवायच्या. मी एकदा एकीला सांगायला गेले तर सायमीनं मला कोपरानं ढोसलं.

एकोणनव्वदच्या शरदात ती झोपेतच गेली. रायली आणि तिची मुलगी पेत्रा बोटीनं आल्या. पेत्रा एकवीस वर्षांची, उंच, आणि मान अगदी सायमीची. आमची भाषा तिला कळत नाही. रायलीनं ती घरात बोलायचं ठेवलं नव्हतं, शाळेत मुलं चिडवतात म्हणून. दफनानंतर आम्ही सायमीच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसलो, चारदोन शेजारणी आणि आम्ही. पेत्रा भिंतीवरच्या आजीच्या लग्नाच्या फोटोजवळ गेली आणि आईला काहीतरी विचारलं. रायलीनं दोन शब्दांत उत्तर दिलं.

"काय विचारते पोर?" मी म्हटलं.

"आजी काय काम करायची, विचारतेय. सांगितलं, कापडगिरणीत होती."

"आणि नाटक?"

रायलीनं कपातली कॉफी ढवळली. ती साखर घेत नाही. "ते सांगायचं तर पार सुरुवातीपासून सांगायला लागेल, मावशी. भवन, अठरा साल, सगळंच. माझंही सांगावं लागेल." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "आणि बोट पकडायला तुर्कूला जायची गाडी पाचला आहे."

पेत्रा माझ्याकडे बघून हसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी फोटोकडे बोट दाखवलं, मग छातीवर हात ठेवला, आणि जमेल तशा स्वीडिशमध्ये म्हटलं, "मोठी. फार मोठी." पोरीनं मान डोलवली. तिला वाटलं असावं, मी आजीच्या उंचीबद्दल बोलतेय.